मधली भिंत

बांद्याच्या बाजारात अण्णांचं झेरॉक्सचं दुकान. तेरेखोल भरून आली की मशीन माळ्यावर चढतं, ओसरली की खाली उतरतं. एरवी सातबारा, आधार, लग्नपत्रिका. संगणकात डेबियन ही प्रणाली आहे, भाच्याने घातलेली. ती फुकट मिळते एवढंच अण्णांना ठाऊक.

जत्रांच्या दिवसांत भाचा दशावतारी नाटकांची चित्रणं कापून-जोडून देतो. त्यासाठी त्याने मागे डेबियनच्या बाहेरच्या एका सॉफ्टवेअर-भांडारातून दोन प्रोग्रॅम आणले होते. त्यांच्यासोबत व्हिडिओ उलगडणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना लागणारे सुटे भागही, त्याच भांडारातून आले. चाललं सगळं छान.

डेबियनची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ला आली. भाच्याने ती घालायला घेतली ती नेमकी जत्रेच्या आदल्या संध्याकाळी. (असली कामं पोरं आदल्या संध्याकाळीच का काढतात, कोण जाणे.) डेबियनमध्ये प्रोग्रॅम बसवणारं-काढणारं ॲप्ट अडलं. याला ते हवं, पण ते बसवता येत नाही. भाच्याने आणखी दोन आज्ञा मारल्या. मग पडद्यावर यादी आली, खाली प्रश्न आला : वाय की एन?

बोट वायवर गेलं.

"थांब रे. ह्या काय लिवलाहा?"

"काय नाय अण्णा, १४३ पॅकेजं काढूची आसत. जुनी असतली."

"असतली म्हणजे? वाचलंस?"

वाचलं नव्हतं. २०२१मध्ये लायनस सेबॅस्टियन या नावाजलेल्या यूट्यूबरने स्टीम हे खेळांचं ॲप बसवताना अशीच सूचना न वाचता 'यस, डू ॲज आय से' टाइप केलं आणि अख्खा डेस्कटॉप उडवला. तो व्हिडिओ बघून हाच भाचा पोट धरून हसला होता.

अण्णांनी स्टूल ओढलं. "आमच्या घराची मधली भिंत आठवता तुका?"

भाच्याला आठवत नव्हती. तेव्हा तो पाळण्यात होता. घर एक, आढं एक, वाटण्या दोन. चुलतभावाला स्लॅबचं घर हवं होतं. भिंत कागदावर त्याच्याच वाट्याला आलेली, म्हणून मे महिन्यात त्याने ती उतरवली. रीतसर, मजूर लावून. जूनच्या पहिल्या पावसात अण्णांच्या माजघरावरचं पाख बसलं. कौलं चुलीत पडली.

"भिंत तेची," अण्णा म्हणाले. "पण आमचो वासो तेच्यार होतो. तेका कोणी इचारूकच नाय."

भाच्याने एन दाबलं आणि यादी वरपासून वाचायला घेतली. लॉगिनचा पडदा. फायली उघडायची खिडकी. आणि अख्खा डेस्कटॉप. हे सगळं थेट किंवा दुसऱ्याच्या खांद्यावरून त्या व्हिडिओच्या लायब्रऱ्यांवर टेकलेलं.

मग कोणती लायब्ररी कुठून आली, हे त्याने ॲप्टलाच विचारलं. डेबियनकडच्या लायब्ररीच्या आवृत्तीचा आकडा ७ने सुरू होत होता. बाहेरच्या लायब्ररीचा १०ने, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं. त्या टिंबांआधीचा आकडा मोठा असला की पुढचं काहीही असो, ॲप्ट तेच नवं मानतं. म्हणून बाहेरची लायब्ररी जागा सोडेना आणि तेराव्या आवृत्तीतल्या प्रोग्रॅमांना तर आपल्या घरची हवी. डेबियनवाले बजावतात, आवृत्ती बदलण्याआधी बाहेरची भांडारं बंद करा. ते पान त्याने आता वाचलं.

त्याने बाहेरच्या भांडाराच्या ओळीपुढे # टाकून ती बंद केली, तेराव्या आवृत्तीचा पत्ता बदलून पुन्हा आधीच्या बाराव्या आवृत्तीचा केला. त्या लायब्रऱ्या एकेक करून, आवृत्ती हाताने लिहून, बारावीतल्या मूळ जागी आणायच्या आणि मगच पुढे जायचं. साडेनऊ वाजले. समोरच्या हॉटेलवाल्याने फळ्या लावल्या.

ॲप्टने पुन्हा विचारलं. अण्णांनी चष्मा पुसून पडद्याशी तोंड नेलं. लायब्रऱ्या खाली उतरणार होत्या आणि काढायच्या यादीत दोनच नावं होती.

"हे दोघे कोणाचे?"

"माझेच. मियाच हाडलेले."

"तेंच्यार कोण टेकलोहा?"

भाच्याने तेही बघितलं. "कोण नाय."

"मगे दाब."