‘आपण’ आणि ‘आम्ही’
मराठीत ‘आपण’ म्हटले की ऐकणारा त्यात येतो. ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. पुढाऱ्याच्या भाषणातले राष्ट्र यावरून ओळखावे. मार्च १९४० मध्ये रामगडच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष मौलाना आझादांनी मुसलमान असण्याचा आणि भारतीय असण्याचाही अभिमान सांगितला. त्याच महिन्यात लाहोरला जिनांनी हिंदू-मुसलमान ही दोन राष्ट्रे ठरवली. आझादांचे राष्ट्र ‘आपण’चे होते, जिनांचे ‘आम्ही’चे.

आजही सभेत देशाचे नाव घेऊन कुणी गर्जतो, तेव्हा त्याच्या ‘आपण’मध्ये आम्ही आहोत का, हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे. पण आमच्याच मोहल्ल्यात ‘कौम संकटात आहे’ अशी हाक उठते, तेव्हा शेजाऱ्याला त्यात जागा आहे का, हेही टाळी वाजवण्यापूर्वी आम्हीच विचारले पाहिजे.