पांढऱ्या चेंडूची साक्ष

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवे खेळ शिकू नयेत, असे आमच्या घरातले मत आहे. तरीही गेल्या वर्षी मी पूल खेळणाऱ्या एका हौशी संघात नाव घातले. "मास्तरांना हे शोभतं का?" असा घरातून प्रश्न आला. मी विल्सन जोन्स यांचा दाखला दिला. जन्माने पुणेकर असलेल्या या गृहस्थांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद मिळवले होते. "ते जिंकले होते," सौभाग्यवती म्हणाल्या. पुढचे वाक्य त्यांनी माझ्यावर सोपवले.

खेळ दिसायला सोपा. मेजाला सहा खिसे, रंगीत चेंडू पंधरा आणि पांढरा एक. पांढऱ्याला क्यूने टोला द्यायचा आणि त्याच्याकरवी बाकीचे खिशात धाडायचे. एकाचे एक ते सात, दुसऱ्याचे नऊ ते पंधरा. आपले संपले की शेवटी काळा आठ. आमच्या सामन्यांत दुबळ्याला सवलत असे. मुरलेल्याने चार डाव जिंकायचे, माझ्यासारख्या नवशिक्याने दोनच. पंच मात्र नव्हता. ज्याची चूक त्यानेच बोलून दाखवायची.

श्रावणातली एक संध्याकाळ. दोन्ही संघ बरोबरीत, आणि अखेरचा सामना नेमका माझा. मी एक डाव जिंकलो होतो, प्रतिस्पर्धी दोन. या डावात माझा फक्त काळा उरला होता, तोही खिशाच्या तोंडाशी. नेम धरताना क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूला पुसटसे लागले. चेंडू केसभर हलला. नियमाप्रमाणे माझी पाळी गेली. पांढरा हवा तिथे ठेवून आता त्याने खेळायचे. पण तो मान खाली घालून आपल्या क्यूला खडू लावत होता.

मी ताठ उभा राहिलो आणि थांबलो. मग म्हणालो, "माझा क्यू लागला."

त्याने तो डाव जिंकला, पुढचाही जिंकला. आम्ही हरलो, पण लोकांनी माझी पाठ थोपटली. हरूनही मी जिंकल्याच्या तोऱ्यात जिना उतरू लागलो. संघातला एक तरुण, माझा जुना विद्यार्थी, बरोबर होता. तो हळूच म्हणाला, "सर, मी पाहिलं होतं. तुम्ही बोलला नसतात, तर मीही बोललो नसतो."

माझा तोरा तिथेच उतरला. माझे मौन हा माझा खाजगी मामला आहे, असे त्या क्षणी मी मानले होते. पण त्या मौनाला आधीच एक भागीदार मिळाला होता, आणि तो मीच शिकवलेला होता!

तुम्ही म्हणाल, अखेर खरे बोललात ना? मग झाले. मीही तेच म्हणत होतो; पण मला वर्गातला एक मुलगा आठवला. खिडकीची काच त्याने फोडली आणि दोन दिवसांनी येऊन कबूल केले. "उशिरा सांगितलेलं खरं अर्धंच असतं," असे मी त्याला सगळ्यांसमोर सुनावले होते. माझ्या कादंबऱ्यांतले नायक तर खरे बोलायला अर्धी ओळही थांबत नाहीत. थांबणे म्हणजे काय, हे त्यांच्या कर्त्यालाच कुठे ठाऊक होते? त्या मुलाला दोन दिवस झोप आली असेल का, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. मोह होणे हा गुन्हा नव्हे. पण आपला मोह विसरून दुसऱ्याचा मोजायला बसणे, हा मात्र असावा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले, घडले ते सांगितले आणि माझे ते वाक्य परत घेतले. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "सर, तुम्ही किती वेळ थांबला होतात?"

मी खरे तेच सांगितले. पण तेही किंचित थांबूनच.