पक्षकाराशी पहिली भेट

हक्कसोडपत्रावर भावाने फसवून सही घेतली, अशी तक्रार घेऊन एखादी बहीण वकिलाकडे येते तेव्हा तिच्या दाव्याचे बरेचसे भवितव्य पुढच्या तासाभरात ठरते. सही कुठे झाली, कागद कोणी वाचून दाखवला, पैसे हाती आले का, फसवणूक झाल्याचे कधी कळले, हे तेव्हा विचारले गेले नाही तर वादपत्रात ‘फसवणूक केली’ एवढे मोघम वाक्य उरते. दिवाणी प्रक्रिया संहितेला तेवढे पुरत नाही. फसवणुकीचा तपशील तारखांसह वादपत्रातच द्यावा लागतो. दस्त रद्द करून मागण्याची तीन वर्षांची मुदतही ती गोष्ट कळल्या दिवसापासून मोजली जाते. सुनावणी सुरू झाल्यावर वादपत्र दुरुस्त करून घेणे २००२ पासून फार अवघड झाले आहे. इतके ज्या कामावर अवलंबून आहे, ते आपण वकिलांना शिकवतो का?

मुंबईत १८५५ साली सरकारी विधी महाविद्यालय सुरू झाले आणि पुण्यात १९२४ साली आयएलएस. कॉलेजात कायदा शिकायचा आणि वकिली सिनियरच्या चेंबरमध्ये, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. त्या पद्धतीत मोठे बळ होते. पक्षकार बोलत असताना ज्युनिअर शेजारी बसे, टिपणे काढी आणि सिनियर कुठे थांबतो, कुठे पुन्हा विचारतो हे पाही. पण ते शेजारचे आसन ओळखीने, घराण्याने, जातीने मिळे. ज्याच्या घरात कोणी वकील नव्हते त्याला, आणि बायकांना तर फारच, ते मिळणे दुरापास्त. सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. कायद्याच्या मूलतत्त्वांइतकीच मुद्देसूद मांडणी आणि नेमके बोलणे ही वकिलाची गरज त्यांनी मानली होती. कौशल्य हेही शिक्षणसंस्थेचे काम आहे, हा विचार इतका जुना आहे.

स्वातंत्र्यानंतर तो कायद्यात आला आणि गेलाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची अट होती; १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये नियम करून वर्षभराची उमेदवारी परत आणली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात ते नियम रद्द ठरवले, कारण संसदेने काढलेली अट नियमांच्या वाटेने परत आणण्याचा अधिकार कौन्सिलला नव्हता. निकाल अधिकाराच्या प्रश्नावर होता. प्रशिक्षणाची गरज त्याने नाकारली नव्हती. पण त्यानंतर संसदेने ती अट परत आणली नाही.

मग भार कॉलेजांवर आला, आणि तिथे मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटल्यात युक्तिवाद करण्याचा सराव, रुजले. मूट कोर्टाने अनेक बुजऱ्या मुलामुलींना न्यायपीठासमोर उभे राहायला शिकवले, हे मी मनापासून मान्य करतो. पण तिथे घटना छापून हाती येतात. त्या कोणी रडत, अडखळत, अर्धवट सांगितलेल्या नसतात. सोबत आलेला नातेवाईकच सगळे बोलतो आहे आणि जिचा दावा आहे ती गप्प आहे, असे मूट कोर्टात कधी घडत नाही.

पक्षकाराची मुलाखत ही शिकवता आणि तपासता येणारी गोष्ट आहे, हे अमेरिकेत लुई ब्राऊन या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकाअखेर स्पर्धा घेऊन दाखवले. एक जण पक्षकाराची भूमिका करी, विद्यार्थी त्याच्याशी बोलत आणि परीक्षक ते बोलणे जोखत. आपल्याकडे बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मुलाखतीला जागा मिळाली, पण कशी? विद्यार्थ्याने वकिलाच्या कार्यालयात किंवा विधी साहाय्य केंद्रात दोन मुलाखती पाहायच्या आणि वहीत नोंदवायच्या. गुण १५. स्वतः एकही प्रश्न विचारायचा नाही.

ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते, कारण मुलाखतीतले प्रश्न कोर्टातल्या प्रश्नांहून वेगळे असतात. उलटतपासणीत उत्तर सुचवणारा प्रश्न चालतो, तिथे तो हत्यारच असतो. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना, तो चालत नाही; साक्षीदाराला मोकळेपणी सांगू द्यावे लागते. पक्षकाराशी बोलण्याची रीत सरतपासणीच्या जवळची आहे. पण २००२ पासून दिवाणी दाव्यांत सरतपासणी शपथपत्रावर होते. मोकळा प्रश्न विचारून गप्प बसण्याचा जो सराव कोर्टात उभे राहून होत असे, तोही त्यामुळे आटला. नवा वकील कोर्टात ऐकतो ती मुख्यतः उलटतपासणी, आणि मग त्याच सुरात तो स्वतःच्या पक्षकाराशी बोलतो. घाबरलेली बाई त्या सुरापुढे ‘हो’ म्हणते आणि दाव्यात वकिलाचीच कल्पना उतरते.

२०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा घेतली जाते. तिच्यात १०० बहुपर्यायी प्रश्न असतात; ऐकून घेण्याची परीक्षा त्यात होऊ शकत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरील न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत लावली. निर्णय योग्यच आहे. मात्र ती तीन वर्षे ज्या पक्षकारांच्या प्रकरणांवर घालवली जाणार, त्यांच्यासमोर बसण्यासाठी त्या दोन मुलाखती पाहण्यापलीकडे आजही कोणतीही तयारी सक्तीची नाही.

नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कॉलेजांनी त्या १५ गुणांच्या वहीपलीकडे जाऊन, प्रत्येक विद्यार्थ्याला निदान काही मुलाखती स्वतः घ्यायला लावाव्यात: आधी वर्गात एकमेकांच्या, मग विधी साहाय्य केंद्रात अनुभवी वकिलासमोर, आणि त्याही मराठीत, कारण तालुक्याच्या कोर्टात येणारा पक्षकार मराठीतच बोलणार आहे. सिनियर वकिलांना विनंती एवढीच: पुढच्या वेळी पक्षकार येईल तेव्हा ज्युनिअरला झेरॉक्स आणायला पाठवू नका. त्याला शेजारी बसवा, पहिले प्रश्न विचारू द्या, आणि पक्षकार गेल्यावर काय राहून गेले ते त्याला सांगा.