अर्ध्या सुताची चूक

आमच्या गावच्या ग्रंथालयात दर गुरुवारी संध्याकाळी क्विल्ट शिवणाऱ्यांचा एक गट जमतो. दिवसभर संगणकापुढे बसून डोळे शिणतात, म्हणून काही वर्षांपूर्वी मीही तिथे जाऊ लागले. "आमच्याकडे गोधडी असते, मला हे येतं," असं पहिल्याच दिवशी ऐटीत सांगून टाकलं. ती ऐट फार टिकली नाही.

आपली गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर. सलग कापडावर तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. एखादं ठिगळ तिरकं बसलं तर शेजारचं त्याची कड झाकतं. चूक जिथे झाली तिथेच राहते. इथल्या तुकडेजोड क्विल्टचा वरचा थर मात्र नुसत्या तुकड्यांचा. खाली आधार नाही, ते एकमेकांनाच धरून असतात. सुलट बाजू आत घेऊन पाव इंचावर टीप मारायची, तीही धागाभर अलीकडे, कारण कापडाची दुमड तेवढी जागा खाते. दीड इंची तीन पट्ट्या जोडून पाहाव्यात. मधली बरोबर एक इंच भरली तर टीप बरोबर.

सुताराच्या भाषेतला अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, एवढी टीप आत गेली तर दोन्ही तुकडे मिळून एक सूत कमी होतं. आठ तुकड्यांच्या ओळीत सात शिवणी. ओळ सात सूत, म्हणजे जवळजवळ इंचभर आखूड!

एका वर्षी आम्ही एका रुग्णालयाला देण्यासाठी क्विल्ट करायची ठरवली. प्रत्येकीने साडेबारा इंची चौकोन आणायचा होता. माझा बाराच भरला. उसवायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर वेळ होता, इच्छा नव्हती. वाफेची इस्त्री फिरवून मी तो ताणला, मोजपट्टीवर साडेबारा करून घेतला आणि देऊन टाकला. दृष्टीआड सृष्टी!

कापड आपल्या मूळ मापावर परत आलं. चौकोन जोडायचं काम सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंकडे होतं. पुढच्या गुरुवारी पाहते तर त्या माझ्या चौकोनाच्या चारी बाजू उसवत बसलेल्या. बोटं संधिवाताने वाकडी झालेली. "माझंच माप चुकलं असेल," त्या म्हणाल्या. खरं काय ते त्यांना सांगायला मला आणखी दोन गुरुवार लागले.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. चूक होणं हा दोष आहे का? मला वाटतं, नाही. हात आहे, चुकणारच. पण चूक झाकली की तिचं बिल आपण न विचारता दुसऱ्याच्या नावावर टाकतो. वर ते माणूस स्वतःलाच दोष देत बसतं. आमच्या धंद्यातही एकाने दिलेला आकडा पुढचा बिनदिक्कत वापरतो. त्याचा विश्वास हाच आपला पाव इंच.

क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ सालचं एक रेशमी पांघरूण आहे. त्यातला एकेक तुकडा कागदी साच्यावर दुमडून शिवलेला आहे आणि ते कागद अजूनही आत आहेत. वरून ते कुणाला दिसणार नव्हते. पण तुकडे एकमेकांना जुळले ते त्यांच्यामुळेच.

याचा अर्थ सगळं सुतासारखं सरळच हवं असा नाही. घरात, मुलाबाळांत, मैत्रीत गोधडीचीच रीत बरी. तिथे खाली मायेचं सलग कापड असतं, ते वाकडं ठिगळही सांभाळून घेतं. पण जिथे आपल्या कडेला परक्याची कड जोडली जाणार, तिथे माप पाळणं हे सौजन्य आहे. आणि पाळता आलं नाही, तर तसं सांगणं हेही मापात राहणंच.

पुढच्या वर्षी माझा चौकोन पुन्हा थोडा कमी भरला. या वेळी मी त्याला चिठ्ठी टाचली: "एक सूत कमी आहे." मोजपट्टीवर बोट ठेवून सूत म्हणजे किती तेही दाखवलं. बाई हसल्या, त्यांनी तो कडेला घेतला आणि शेजारची पट्टी तेवढी रुंद कापली. काम दोन मिनिटांत झालं.