कधी आलात?

माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला की नातेवाईक त्याला दोनच गोष्टी विचारतात: जेवणाचं जमतं का आणि भाषा कळते का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा निकाल लवकर लागतो. जिभेला सवय होते, कान तयार होतो. आसामात तर सकाळच्या जलपानाला चिरा, दही आणि गूळ समोर येतो, आणि दहीपोह्यांवर वाढलेल्या माणसाला तिथे तक्रारीला जागा उरत नाही. पुण्याहून गुवाहाटीला बदली झाल्यावर मला खरा वेळ लागला तो तिथल्या काळाशी जमवून घ्यायला. आपण जागा बदलतो असं म्हणतो खरं, पण बिऱ्हाड लागतं ते एका वेगळ्या काळात. दिवस वेगळा, वर्ष वेगळं आणि लोकांच्या आठवणीतला भूतकाळ तर अगदीच वेगळा.

दिवसापासून सुरुवात करू. मुंबई पूर्व रेखांश ७३ च्या आसपास आहे आणि गुवाहाटी ९२ च्या. सूर्य गुवाहाटीवर मुंबईपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो, पण भिंतीवरचं घड्याळ दोन्हीकडे एकच. जूनमध्ये पहाटे साडेचारला तिथे लख्ख उजाडलेलं असतं. डिसेंबरात संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळतो आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत दिवेलागण होते. ऑफिस मात्र दिल्लीच्या घड्याळाने दहाला उघडतं. बाहेरून आलेला माणूस बाजारपेठ लवकर आवरताना बघतो, ‘लाहे लाहे’ म्हणजे सावकाश, हळूहळू, असं लोकांच्या तोंडी सारखं ऐकतो, आणि इथले लोक सुस्त आहेत असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. शेजारचे गृहस्थ पाचच्या आधी उठून बाग शिंपून, मासळी घेऊन आलेले असतात हे त्याने पाहिलेलं नसतं, कारण तेव्हा तो पडदे ओढून झोपलेला असतो. एका प्रदेशाच्या स्वभावाविषयीचं मत अशा रीतीने निव्वळ रेखांशातून तयार होतं.

यात मुंबईकरांनी हसण्यासारखं काही नाही. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तेव्हा मुंबईने ती मनापासून स्वीकारली नव्हती. एकोणचाळीस मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ शहराने स्वातंत्र्यानंतरही, १९५५ पर्यंत, या ना त्या स्वरूपात चालवला. सूर्य आपल्या डोक्यावर येईल तेव्हाच बारा वाजावेत हा हट्ट आपणही धरलेला आहे. आसामातल्या चहाच्या मळ्यांमध्ये प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेला ‘बागान टाइम’ आजही चालतो, आणि २०१४ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी तोच सगळ्या राज्याला लावायचा विचार मांडला होता. पण या घड्याळाचा उगम विसरता येत नाही. ते ब्रिटिश मळेवाल्यांनी मजुरांकडून सकाळचा उजेड पुरेपूर वसूल करण्यासाठी पुढे केलेलं घड्याळ होतं. ते मजूर कोण आणि कुठून आले, याकडे पुढे यायचंच आहे.

दिवसाचं गणित काही आठवड्यांत बसतं. वर्षाचं बसायला वर्षच लागतं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात पाऊस मृग नक्षत्राला बांधलेला असतो. चैत्र-वैशाख म्हणजे फुफाटा, पाण्याची ओढ आणि आकाशाकडे लागलेले डोळे. आसामात मार्च-एप्रिलमध्येच ढग गडगडायला लागतात, वादळं येतात, पत्रे उडतात. या वादळाला तिथे बरदैशिला म्हणतात. ती एक स्त्री आहे, बिहूच्या सुमारास माहेरी निघालेली, आणि तिच्या जाण्यायेण्याच्या घाईत झाडं कोलमडतात, अशी समजूत आहे. पाडव्याला आमच्या गॅलरीतल्या गुढीचं रेशमी वस्त्र भिजलं, तेव्हा शेजारच्या बाइदेउंना, म्हणजे ताईंना, त्यात काहीच वावगं वाटलं नाही. चैत्र कोरडाच असायला हवा ही अपेक्षा माझी होती.

पुढे कळत गेलं की सण श्रद्धेने साजरे होत असले तरी त्यांच्या तारखा शेतीने ठरवलेल्या असतात. आपल्याकडे पोळा श्रावण अमावास्येला येतो, खरिपाची मेहनत उरकली की बैलांचे खांदे मळायचे. आसामात गोरू बिहू एप्रिलच्या मध्याला, जुन्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी येतो. गुरांना नदीवर नेऊन उडीद-हळदीचा लेप लावून न्हाऊ घालतात, दुधी आणि वांगी चारतात. तिथे नांगरणी अजून व्हायची असते. आपण बैलाचे आभार मानतो, ते त्याला कामाचं आमंत्रण देतात. ऑक्टोबरच्या मध्यावर काती बिहू येतो. आपल्याकडे दिवाळीची खरेदी चालू असते तेव्हा तिथे भाताच्या कणग्या तळाला गेलेल्या असतात. म्हणून त्या बिहूला कंगाली म्हणतात, आणि तुळशीपाशी व उभ्या भातशेतात साधा दिवा लावून तो सण साजरा होतो. मग भात घरात आला की जानेवारीत माघ बिहू, म्हणजे भोगाली. आदल्या रात्री उरुकाचं सामुदायिक जेवण, पहाटे मेजी नावाची शेकोटी पेटवायची, आणि घरोघरी तिळाचा व गुळाचा पिठा. त्याच दिवशी आपल्याकडे तिळगूळ वाटतात. साऱ्या वर्षात दोन्ही पंचांगं अशी गळ्यात गळा घालून भेटतात ती त्या एका दिवशी, कारण संक्रांत सूर्यावरून ठरते. बाकीचं वर्ष नवख्या माणसाला दोन पंचांगं घेऊन काढावं लागतं. मुलांना गणपतीची सुट्टी नसते आणि दुर्गापूजेची भरपूर असते. अशा वेळी मनाला लागतं ते सण चुकल्यामुळे कमी आणि आपल्या आनंदाच्या दिवशी बाहेर सगळं नेहमीसारखं चालू असल्यामुळे जास्त.

सरकारही काळाच्याच मापाने मोजतं. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क दिला आहे. पण हक्क एका क्षणात मिळतो आणि रहिवास मुरावा लागतो. मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे गाडी वर्षभरात स्थानिक होते, तिच्या मालकाला दीड दशक लागतं.

काहींना तेवढंही पुरत नाही. चहाच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर आणि आसपासच्या प्रदेशांतून मुंडा, उरांव, संथाळ अशा समाजांची माणसं आणली. त्यांच्या वंशजांचा जन्म आसामातला, स्मशानं आसामातली, बोलीसुद्धा तिथे घडलेली. पण अनुसूचित जमातींची यादी राज्यागणिक ठरते. त्यामुळे ज्यांचे भाऊबंद झारखंडमध्ये अनुसूचित जमातीत मोडतात, त्यांनाच आसामात तो दर्जा मिळत नाही आणि त्यासाठी त्यांची मागणी कित्येक वर्षं चालू आहे. दीडशे वर्षांपूर्वी ओलांडलेली सीमा कागदावर अजून ओलांडून झालेली नाही. बदलीच्या हुकमावर आलेल्या, घरभाडं भत्ता घेणाऱ्या माझ्यासारख्याने जुळवून घेण्याच्या गोष्टी करताना हे लक्षात ठेवलेलं बरं. परतीचं तिकीट खिशात असलेल्या माणसाचं जुळवून घेणं ही बरीचशी हौस असते.

पण सगळ्यात उशिरा कळतो तो तिसरा काळ, लोकांच्या आठवणीतला. पुण्यात जुन्या माणसाने ‘पानशेतच्या आधीचं घर’ म्हटलं की अस्सल पुणेकराला १२ जुलै १९६१ ही धरणफुटीची तारीख सांगावी लागत नाही. तसं गुवाहाटीत ‘मोठ्या भूकंपानंतरचं घर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला फोड लागत नाही. १२ जून १८९७ च्या भूकंपात दगडविटांच्या इमारती कोसळल्या. त्यानंतर लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या बोरूच्या कुडावर गिलावा केलेल्या भिंती आणि वर हलकं पत्र्याचं छप्पर अशी ‘आसाम टाइप’ घरं रूढ झाली. ती मला आधी नुसती देखणी वाटायची. मागची तारीख कळली तेव्हा त्या घरांमधली भीती आणि शहाणपण दिसलं. १५ ऑगस्ट १९५० ची संध्याकाळ तशीच. देश स्वातंत्र्यदिन साजरा करत असताना ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, दरडी कोसळून उपनद्या तुंबल्या आणि फुटल्या, गाळाने ब्रह्मपुत्रेचं पात्र वर आलं. आजच्या पुरांविषयी बोलताना म्हातारी माणसं त्या दिवसापर्यंत मागे जातात.

भूकंपाच्या तारखा तरी निरुपद्रवी असतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी सैन्य खाली उतरत असताना तेजपूर ओस पडलं, आणि तेव्हा नेहरूंनी रेडिओवर आसामविषयी जे सहानुभूतीचे शब्द काढले, ते तिथे अनेकांना निरोपासारखे ऐकू आले. तो सल अजून बोलण्यात येतो. आपल्याकडे १९६२ म्हणजे देशाचा पराभव. तिथे ती आपल्याला सोडून दिल्याची आठवण आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या १०६ हुतात्म्यांचा आकडा आपल्याला जसा पाठ, तसा आसाम आंदोलनातल्या हुतात्म्यांचा ८५५ हा आकडा तिथे पाठ असतो. १९७९ ते १९८५ या सहा वर्षांत विद्यार्थी रस्त्यावर होते, अनेकांची शैक्षणिक वर्षं बुडाली. पन्नाशी-साठी उलटलेल्या कुणाशीही शिक्षणाविषयी बोलायला लागलं की ती वर्षं मध्ये येतात. आपण त्या वर्षांत नव्हतो. भाषा शिकता येते, पण त्या वर्षांत मागे जाऊन राहता येत नाही. नवख्याच्या परकेपणाचं मूळ मला इथे सापडलं. शब्द सगळे कळतात, पण लोक एकमेकांकडे बघून जिथे गप्प होतात तिथे आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

गुवाहाटीत मला हमखास विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘कधी आलात?’ मी मोकळेपणाने महिना सांगायचो, समोरचा तामूल-पान पुढे करायचा. मग हळूहळू ध्यानात आलं की हाच प्रश्न त्या राज्यात फार जड आहे. परदेशी स्थलांतराविरुद्धच्या त्या आसाम आंदोलनाचा शेवट १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने झाला, आणि त्यातून परदेशी कोण हे ठरवायची २४ मार्च १९७१ ही सीमारेषा ठरली. राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला आली, तेव्हा १९ लाखांहून अधिक अर्जदार तिच्याबाहेर राहिले. माझ्यासाठी गप्पांची सुरुवात असलेला प्रश्न दुसऱ्या कुणासाठी आजोबांच्या नावाचा जुना कागद शोधायला लावणारा होता. आणि विचारणाऱ्याची बाजूही खोटी नव्हती. आपल्याच भूमीवर आपली भाषा अल्पसंख्य होईल ही भीती मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मुंबईत १९६६ नंतर ती भीती कशी बोलली आणि कशी वागली, हे आपल्याला आठवतं. फरक एवढाच की त्या भीतीकडे मी आयुष्यभर यजमानाच्या बाजूने पाहिलं होतं, आता पाहुण्याच्या बाजूने पाहत होतो. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात हे पुस्तकातही वाचता येतं, पण घरमालकाला भाडेकराराची प्रत देताना ते जरा जास्त नीट कळतं.

इकडे काळ शिकत असताना तिकडचा काळ सुटत जातो, ही जुळवून घेण्याची दुसरी बाजू. बाहेर गेलेल्याच्या मनातलं गाव तो निघाला त्या वर्षात थांबतं. तंजावरच्या मराठी घरांकडे पाहा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून गेलेल्या लोकांच्या बोलीत जुन्या मराठीची रूपं टिकली, कारण मूळ प्रदेशातली भाषा पुढे सरकत होती तेव्हा ते तिथे नव्हते. राज्य १८५५ मध्ये संपलं, बोली उरली. परगावच्या महाराष्ट्र मंडळांमध्ये अजून जुनीच नाटकं बसतात यावर आपण हसतो. पण मीही सुट्टीत पुण्याला येऊन बंद पडलेल्या दुकानांचे पत्ते सांगू लागलो, तेव्हा हे दुखणं तंजावरपुरतं नाही हे दिसलं. गावाकडच्या तारखा चुकल्या आणि नव्या ठिकाणच्या उशिरा कळल्या, असं दोन्हीकडे थोडं थोडं गैरहजर राहणं स्थलांतरिताच्या वाट्याला येतं. ते पूर्ण भरून निघत नाही आणि तसा अट्टहासही धरू नये.

करता येण्यासारखं एक आहे. चव आणि भाषा आपोआप अंगवळणी पडतात, तारखा विचाराव्या लागतात. हे घर असं का बांधलं, या दिवशी दुकानं बंद का, या चौकात पुतळा कुणाचा, असं विचारलं की लोक सांगतात, आणि सांगता सांगता आपल्याला त्या काळात थोडी जागा करून देतात. न विचारणारा पंधरा वर्षांनी दाखला मिळवेल, पण राहील तो दाखल्यापुरताच.

हाच नियम यजमानांनाही लागू आहे. पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकावर आणि हॉटेलांच्या भटारखान्यात आज आसामची मुलं आहेत. त्यांना पानशेत कुणी सांगत नाही, कारण त्यांना त्याचं काय, असं आपण गृहीत धरतो. त्यांच्याकडे मात्र पुण्याची एक तारीख आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या, तेव्हा बंगळुरूप्रमाणेच पुण्यातूनही माणसं मिळेल त्या गाडीने घरी निघाली. आपण ती बातमी वाचली आणि विसरलो. त्यांच्या घरांत ती सांगितली जाते. शहराचा इतिहास फक्त जुन्या रहिवाशांच्या तारखांनी बनतो असं मानलं तर ती आठवण आपल्या हिशेबात कधीच येणार नाही. ती यायला हवी असेल तर ‘कधी आलात?’ यापुढचाही प्रश्न विचारायला हवा: आल्यापासून इथे काय काय पाहिलंत?