तोंड पाहून नियम लावता?

तुम्हा तिघांनाही सांगते आहे, नीट ऐका. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन तुम्ही. 'जाहिरात चालणार नाही' हा नियमही तुम्हीच केलात. मग परवा रात्री आंब्याच्या पेट्यांचा भाव टाकला म्हणून ज्याला काढून टाकलंत, त्याच्या मेसेजच्या बरोबर वर काय होतं? प्लॉटची जाहिरात. रंगीत नकाशा, बुकिंगची रक्कम, फोन नंबर, सगळं साग्रसंगीत. ती अजून तिथेच आहे आणि तिच्याखाली तुमच्यातल्या दोघांचे अंगठे आहेत. कारण प्लॉटवाला स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च उचलतो आणि आंबेवाला टेम्पो चालवतो. एकाच वर्गातली मुलं रे ही! लाज वाटायला हवी.

"बाई, त्याला आधी खासगीत ताकीद दिली होती," म्हणता. आणि प्लॉटवाल्याला? त्याला ताकीद द्यायची कुणाची हिंमत झाली नाही.

"ग्रुपवर भलतंसलतं आलं तर पोलीस आम्हाला धरतील, म्हणून कडक राहावं लागतं," हेही पुढे करू नका. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे, की संगनमत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. आणि आंब्याचा भाव सांगणं हा कुठला गुन्हा? दुसऱ्याच्या करणीचं ओझं कोर्टाने तुमच्यावरून उतरवलंय. स्वतःच्या करणीचा जाब तुम्हालाच द्यायचा आहे.

विकिपीडियावर प्रचालक, म्हणजे तिथला ॲडमिन, एखाद्यावर बंदी घालतो तेव्हा ती कोणी घातली, किती काळासाठी आणि कशासाठी, याची नोंद राहते. ती कोणीही उघडून वाचावी. इंग्रजी विकिपीडियाचा तर दंडकच आहे, की ज्या वादात आपण स्वतः गुंतलो, तिथे प्रचालकाने अधिकार वापरायचा नाही. तरीसुद्धा क्रोएशियन विकिपीडियावर मूठभर प्रचालकांनी एकमेकांना पाठीशी घालत विरोधी मताच्या लोकांना वर्षानुवर्षं बाहेर काढलं. शेवटी २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांना सांगावं लागलं, की मुलांनो, त्या विकिपीडियावर विसंबू नका. नोंदी उघड्या असूनही ही गत झाली. तुमच्याकडे तर नोंदच नाही. रात्री एकाने बटण दाबलं, बाकी दोघं मूग गिळून बसले.

बोर्डाचे पेपर तपासताना परीक्षकासमोर मुलाचं नाव नसतं. का नसतं, हे तुम्हाला दहावीतच कळलं होतं. निकाल लागला तेव्हा त्याचा फायदा तुम्हीही घेतलात, कारण तुमच्यापैकी एकाचेही वडील मोठे नव्हते.

आता काय करायचं ते सांगते. आज संध्याकाळच्या आत त्या मुलाला ग्रुपमध्ये परत घ्या. सगळ्यांसमोर त्याची माफी मागा. खासगीत 'सॉरी यार' लिहून भागणार नाही. प्लॉटची जाहिरात काढा, किंवा आठवड्यातला एक वार धंद्यासाठी मोकळा ठेवा, पण तो दोघांनाही. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा आठवडाभर बाहेर, असं जे काय ठरवाल ते लिहून वर पिन करा. इथून पुढे कोणाला काढलंत तर कारण आणि काढणाऱ्याचं नाव त्याच दिवशी ग्रुपवर आलं पाहिजे. ज्याचं त्या माणसाशी वाकडं आहे किंवा ज्याचा त्याच्याशी व्यवहार आहे, त्या ॲडमिनने निर्णयात पडायचं नाही.

आणि मला फोन करून समजावत बसू नका. काय बोलायचं ते ग्रुपवरच, सगळ्यांना दिसेल असं लिहा.