कफनी आणि पगार

गेल्या शुक्रवारी कुवेतमधल्या शुवैखमध्ये एका घरी आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या आठवणीसाठी जमलो होतो. भगवी कफनी घालून, हातात चिपळ्या घेऊन एका तरुणाने डोळे मिटून प्रार्थना केली. संपताच मोबाईल धरणारा म्हणाला, "आवाज नीट आला नाही, पुन्हा एकदा घेऊ." त्याने पुन्हा डोळे मिटले. तेच शब्द, त्याच जागी दाटून आलेला तोच गळा. वर आभार मानताना कुणी सांगितलं, श्रद्धा दिसली पाहिजे हीच टिळकांची शिकवण.

ही टिळकांची शिकवण नव्हे. दिसण्यासाठी केलेली प्रार्थना देवाकडे तोंडच करत नाही.

दंभावर तुकोबांनी ओढलेले आसूड मराठी माणसाला सांगायला नकोत. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'पासून ख्रिस्त मराठीत बोलू लागला, हेही सर्वांना ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मनातून जात आधी गेली, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली.

घोटाळा होतो तो १९१७ पाशी. टिळकांनी संन्यास घेतला, ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभारला, आणि आपण म्हणतो, त्यांनी ख्रिस्ती धर्माला देशी पोशाख चढवला. भजन-कीर्तन, अभंग तर ते कितीतरी आधीपासून करत होते. त्यासाठी संन्यास कशाला हवा होता? त्या वर्षी नवं घडलं ते हे, की एकवीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न, पाठीशी संसार. उपदेश हीच ज्याची रोजी, त्याच्या शब्दामागे भाकरी उभी असते. ती त्यांना बाजूला करायची होती. शिवाय दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. म्हणजे किती माणसं जोडली, हे नोंदवहीत दाखवायची सोयच त्यांनी काढून टाकली. पुढे दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. आपण कफनी जपली आणि सोडलेला पगार विसरलो.

आमच्यातला एक नगरकडचा माणूस शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीत काम करतो. त्या शुक्रवारी त्याला ओव्हरटाइम होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. याच्या खोलीत सहा खाटा, लावायचं दार कुठलं? रात्री तो पांघरूण डोक्यावरून घेतो आणि आतून पुटपुटणं ऐकू येतं. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या केरळी मुलाकडून कळलं, तेही दुसऱ्याच बोलण्यात: दोन महिने त्या मुलाचा पगार अडकला होता, तेव्हा त्याच्या आईला पैसे कोण पाठवत होतं, हे तो सांगत होता.